सवाईच्या जुन्या आठवणी घरच्यांकडून कशा उतरवून घ्यायच्या

१९५२ ला गायक सवाई गंधर्व गेले, १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू केला, तोच 'सवाई', ही माहिती कुठेही मिळते. पण रमणबाग शाळेच्या मैदानात डिसेंबरच्या थंडीत रात्र रात्र बसून गाणं ऐकलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांचं उतरवून ठेवायला हवं आणि ते आत्ताच.

"कुठल्या साली गेलात?" असं सुरुवातीलाच विचारू नका, माणूस गडबडतो आणि गप्प होतो. कुठे बसायचात, सोबत कोण, अंगावर काय घ्यायचात, घरी कसे यायचात हे विचारा, आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून मधे अजिबात बोलू नका. माझ्या आत्याला साल आठवेना, पण भैरवी संपल्यावर पहिली पीएमटी बस पकडून, शाल तशीच पिशवीत कोंबून ती थेट शाळेत शिकवायला गेली होती, हे मात्र लख्ख आठवत होतं.

साल नंतर लावता येतं. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंदचे नियम २००० साली आले, त्यामुळे पहाटेपर्यंत जागल्याची आठवण बहुतेक त्याआधीची. स्वाइन फ्लूमुळे २००९ चा महोत्सव जानेवारी २०१० मध्ये झाला, २०१८ पासून तो रमणबागेऐवजी मुकुंदनगरला होतो, २०२० आणि २०२१ ला झालाच नाही. राग पण कामाला येतात, त्यांच्या गाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात; कोणी ललित ऐकला म्हणालं तर पहाट धरा, दरबारी म्हणालं तर उशिराची रात्र.

जुन्या कार्यक्रमपत्रिका असतील तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आत्याच्या एका पत्रिकेमागे पेन्सिलीने नुसती रागांची नावं आहेत आणि मारूबिहागखाली दोनदा रेघ मारलीये, मला तर तो कागद सोन्याहून मोठा वाटतो. कॅसेट सापडली तर आधी उजेडात धरून बघा, टेपवर पांढरट बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, जाणकाराकडे द्या.

आणि जमलं तर त्यांना रमणबागेच्या फाटकापाशी घेऊन जा, कागद-पेन्सिल द्या आणि स्टेज कुठे, चहा कुठे, आपली सतरंजी कुठे, याचा नकाशा त्यांच्याच हाताने काढून घ्या.