सगळी पुंजी एकाच बँकेत नको

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. आयुष्याची कमाई तिथेच ठेवलेल्यांचे हाल आपण पाहिले आहेत. म्हणून आज पासबुकं काढा आणि बेरीज करा.

बँक बुडाली तर ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत मिळतं, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. त्याच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागून काही उपयोग नाही, कारण सगळ्या शाखांची बेरीज एकच. बँकच वेगळी हवी. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा लागूच होत नाही. जास्त व्याजाच्या ओढीने घरातले ज्येष्ठ तिथेच पैसे ठेवतात, त्यांना हे जवळ बसून समजावून सांगा. प्रत्येक खात्याला वारस (नॉमिनी) नोंदवलाय का, तेही बघा.

अडचणीच्या काळासाठी घरातही तयारी हवी. महिन्याच्या खर्चाइतकी रोकड असू द्या, त्यात शंभराच्या नोटा जास्त. रोजच्या गोळ्या महिनाभराच्या जादा ठेवा. धान्य मात्र नेहमी खाता तेच भरा. तूरडाळीला उन्हं दाखवून एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवूनच डब्यात घाला. ओला राहिला तर बुरशी धरते. जुना डबा आधी संपवायचा, मगच नवा उघडायचा. दोनपैकी एक गॅस सिलिंडर रिकामा झाला की त्याच दिवशी नंबर लावा.