लहान मुलांना समुद्रावर नेताना: ओहोटी, ऊन आणि झोप

पाच-सहा वर्षांखालची मुलं सोबत असली की समुद्रकाठचा दिवस तीन वेळा बघून आखावा लागतो: ओहोटी कधी आहे, ऊन कधी चढतं आणि मूल कधी झोपतं. कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते त्यानंतर ठरवावं. हा क्रम पाळला तर साधासा किनाराही मुलांना पुरून उरतो. तो चुकला तर कितीही सुंदर किनारा असो, तासाभरात रडारड सुरू होते.

आदल्या रात्री: वेळापत्रक

भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्या त्या किनाऱ्याचंच बघा, शेजारच्या गावाचं चालत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारची वेळ या रविवारी लागू पडत नाही ती याच कारणाने. काही समुद्रांत मात्र हा चढउतार इतका थोडा असतो की तिथे फक्त वारा आणि लाटा बघितल्या तरी पुरतं.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. पूर्ण ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याइतकं चढतं, दुसऱ्या तासात सहाव्या हिश्श्याइतकं, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा. खडकांवर रमलेल्या मंडळींचा घात इथेच होतो. सुरुवातीला काहीच बदललेलं दिसत नाही, आणि मग परतीची वाट बघता बघता पाण्याखाली जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असतं. तेव्हा ओहोटीलाही पाणी खूप मागे हटतं, खडकांतली डबकी उघडी पडतात, पण परत येणारं पाणीही तितकंच जास्त असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी. खडकाळ किनाऱ्यावर पहिल्यांदाच मुलांना नेत असाल तर हे दिवस सोयीचे.

जोराचा पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका, विशेषतः ओढा, नाला किंवा नदी समुद्राला मिळते त्या जागी. वाहून आलेली घाण तिथेच रेंगाळते आणि लहान मुलांच्या तोंडात पाणी हमखास जातं.

ऊन

घड्याळापेक्षा सावलीवर भरवसा ठेवा. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरणं तीव्र आहेत असं समजावं आणि वाळूवरून निघावं. हवामानाच्या अंदाजात अतिनील निर्देशांक दिलेला असतो: ३ पासून पुढे संरक्षण हवं, ८ च्या वर गेला तर मुलांना उघड्यावर ठेवूच नये. समुद्रावर गार वारा असतो, त्यामुळे त्वचा भाजते आहे हे जाणवत नाही. विरळ ढगांतूनही बरीचशी किरणं खाली येतात. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो. म्हणजे छत्रीखाली बसलेलं मूलही पूर्ण सुरक्षित नसतं, त्याच्या अंगावर कपडे हवेतच.

कपडे हा पहिला उपाय, उन्हापासून वाचवणारं मलम (सनस्क्रीन) दुसरा. पूर्ण बाह्यांचा, दाट विणीचा पोहण्याचा अंगरखा आणि मानेवर झालर असलेली टोपी घातली की मलम लावायला चेहरा, हात आणि पाय एवढंच उरतं. साधा पांढरा सुती शर्ट ओला झाला की त्याचं संरक्षण बरंच घटतं, त्यामुळे पाण्यात तो पुरेसा नाही. मलम एसपीएफ (संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी या अतिनील किरणांच्या दोन्ही प्रकारांसाठीचं आणि पाण्यात टिकणारं घ्या. नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइडचं सहसा सोसतं. मलम जवळजवळ सगळेच फार कमी लावतात. तीन वर्षांच्या मुलाच्या सगळ्या अंगाला सुमारे अडीच चहाचे चमचे लागतात. घरातून निघण्याआधी, कपडे घालायच्या आत लावा: वाळू लागलेल्या, वळवळणाऱ्या मुलाला लावताना कानाची पाळी, पायाचा वरचा भाग आणि गुडघ्यामागची जागा सुटतेच. दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं.

सहा महिन्यांखालच्या बाळाला मलम लावण्याऐवजी उन्हापासूनच दूर ठेवावं. त्याला पाणीही पाजायचं नसतं, अंगावरचं किंवा बाटलीचं दूधच जास्त वेळा द्यायचं. बाबागाडीवर चादर किंवा ओढणी टाकून सावली करू नका. आत हवा खेळत नाही आणि थोड्या वेळात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. उभ्या गाडीत मूल ठेवणं तर एका मिनिटासाठीही नको. खिडकी थोडी उघडी असली तरी दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढू शकतं.

मोठ्या मुलांना तहान लागण्याची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट पाणी द्या. मूल एकाएकी गप्प झालं, चेहरा उतरला, मळमळू लागलं, तर लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. तातडीची वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत अंग थंड करत राहा.

पाणी

मूल पाण्यात असताना एका मोठ्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. नजर ठेवणं पुरेसं नाही, हाताचंच अंतर हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, आणि सगळं शांत, असंच ते दिसतं. चार मोठी माणसं सोबत असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतो आहे, आणि धोका तिथेच वाढतो. म्हणून पाळी लावा: पंधरा मिनिटं एकाने फक्त मुलांकडे बघायचं, फोन दुसऱ्याकडे द्यायचा, आणि पाळी संपल्यावर ‘आता तू’ असं तोंडाने सांगूनच उठायचं.

जिथे जीवरक्षक असतात तिथेच पाण्यात उतरा. बावट्यांचे अर्थ बऱ्याच देशांत सारखे आहेत: लाल-पिवळ्या दोन बावट्यांमधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखालची, लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही. तरीही तिथला फलक वाचावाच.

पाण्यात जाण्याआधी उंच जागेवरून पाच-दहा मिनिटं लाटा बघा. सगळीकडे लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा शांत, गडद, कधी गढूळ दिसतो. नवख्याला तीच मुलांसाठी बरी जागा वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून आत परतत असतं, यालाच रिप करंट म्हणतात. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यावं. मुलांसाठी उतार मंद आणि लाटा दूरवर फुटणाऱ्या जागा बघा. लाट अगदी काठावर येऊन आदळत असेल, तर गुडघाभर पाण्यातही ती मुलाला उलथवते.

हवेच्या रिंगा, बगळे, मासे ही खेळणी समुद्रासाठी नाहीत. सकाळी लवकर वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी तेव्हा सपाट आणि सोपं दिसतं, पण वाऱ्याने फुगीर खेळणं मुलासकट आत सरकतं. जमीन तापली की वारा उलटतो आणि लाटा वाढतात. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळे आणि पांढरे पाण्यात दिसेनासे होतात. नेहमीचा डायपर पाणी शोषून फुगतो आणि मूल खाली ओढलं जातं. पोहण्याचा डायपर वापरा, पण तो लघवी अडवत नाही, फक्त शी अडवतो, हे लक्षात घेऊन वेळोवेळी बदला.

ओठ निळसर पडले किंवा मूल कुडकुडू लागलं की बाहेर, मग ते कितीही हट्ट करो. ऊन असतानाही लहान अंग पाण्यात फार लवकर गार पडतं.

वाळू आणि खडक

भर उन्हात कोरडी वाळू पाय भाजेल इतकी तापते. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. ठेवता येत नसेल तर मुलाच्या पायात काहीतरी घालाच. बस्तान भरतीच्या खुणेच्या जरा वर मांडा, म्हणजे शेवाळ-काड्यांची जी रेघ दिसते तिच्या वर. छत्रीचा दांडा निदान अर्धा मीटर खोल रोवा आणि तोंड वाऱ्याकडे कलतं ठेवा, नाहीतर वारा खालून शिरून ती उचलतो. रांगत्या बाळासाठी चार कोपरे शिवलेली गादीची चादर उलटी पसरून प्रत्येक कोपऱ्यात एक पिशवी ठेवली की काठ उभे राहतात आणि आत वाळू कमी येते.

किल्ल्यासाठी आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी हे प्रमाण चांगलं जमतं. बारीक वाळू जास्त धरते. बादलीत भरताना थरावर थर दाबून भरा, उलटी केल्यावर तळावर थापटा आणि बादली सरळ वर उचला. खड्डा मात्र सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल करू नका, बोगदा तर मुळीच नको. कोरडी पडलेली भिंत क्षणात ढासळते आणि वाळूखाली श्वास घेता येत नाही. असे मृत्यू घडले आहेत. निघताना खड्डा बुजवा.

खडकांतल्या डबक्यांकडे पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की परता. पायात मागून बंद, न घसरणारे बूट हवेत. हिरवं शेवाळ गुळगुळीत असतं आणि खडकाला चिकटलेले शिंपले पाय कापतात. मुलांना एका जागी बसवून दोन मिनिटं डबक्याकडे टक लावून बघायला सांगा. सावली हलायची थांबली की शंखातले खेकडे आणि छोटे मासे बाहेर येतात. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा, समुद्रफुलाला (खडकाला चिकटलेला, फुलासारखा दिसणारा प्राणी) बोट लावायचं नाही. उष्ण समुद्रात शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ देऊ नका. काही जातींचा डंख जीवघेणा असतो.

जेलीफिश वाळूवर मेलेली असली तरी डसते. डसल्यास चोळू नका, गोडं पाणी टाकू नका. चिकटलेले धागे चिमट्याने काढा. बहुतेक जातींच्या डंखावर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या, वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवल्याने आराम पडतो. पाण्याचा कढ आधी मोठ्याने स्वतःच्या हातावर बघावा. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी आणि काहींवर उलट पडतं, म्हणून जीवरक्षकाला विचारूनच लावा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

दुपारी

ऊन चढल्यावर मत्स्यालय, दीपगृह किंवा झोप, यांतलं एकच ठेवा. बोटीची सैर करायची तर शक्यतो सकाळी. जीवरक्षक जॅकेट वयावर नाही, वजनावर ठरतं, आणि लहान मुलासाठी पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून डोक्यातून निघतं. बोट लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली क्वचित होतो, त्यानंतर वाढतो. मधोमध बसवा आणि क्षितिजाकडे बघायला लावा.

निघण्याआधी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा आणि मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा. मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघा, मग बाकीचा किनारा, आणि जीवरक्षकाला पहिल्याच मिनिटाला सांगा.

परतताना अंगावरची वाळू वाळू द्या, मग मऊ कापडाने झटका. ओली असताना पुसली तर त्वचा सोलवटते. डोळ्यांत गेली असेल तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवा. दिवसभरात कधी मूल पाण्याखाली गेलं असेल आणि त्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वास जलद चालत असेल किंवा ते नेहमीपेक्षा सुस्त वाटत असेल, तर झोपवू नका, त्याच वेळी रुग्णालयात न्या.