अकरा रीबाय आणि कॅरमच्या सोंगट्या: घरच्या पोकर टूर्नामेंटमध्ये या चुका टाळा

न्यू जर्सीत थंडी सुरू झाली की आमच्या ग्रुपचा पोकर बेसमेंटमध्ये उतरतो. 20 डॉलर एंट्री, प्रत्येकी 10,000 च्या चिप्स, 20 मिनिटांची लेव्हल, म्हणजे दर 20 मिनिटांनी ब्लाइंड्स (पत्ते वाटायच्या आधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या बोली; मोठी ती बिग ब्लाइंड) वाढतात, सुरुवात 25/50 पासून. यजमान दर वेळी वेगळा असतो, चुका मात्र त्याच.

आम्ही बहुतेक जण तीन पत्तीवर वाढलेलो. दिवाळीत बूट टाकायचा, पैसे संपले की खिशात हात घालायचा, झोप आली की उठायचं. टूर्नामेंटमध्ये असं उठता येत नाही. सगळ्या चिप्स एकाच्या पुढ्यात जमेपर्यंत खेळ संपत नाही, त्यामुळे रीबाय होऊन, म्हणजे चिप्स संपलेल्याने पुन्हा पैसे भरून आणलेली प्रत्येक चिप रात्र लांबवते. हे ज्याच्या लक्षात येत नाही तोच उत्साहाने सांगतो, "रीबाय अनलिमिटेड!"

एका मित्राने नव्या घरात पहिल्यांदा खेळ ठेवला तेव्हा हेच झालं. त्याच्याकडे 500 चिप्सची ॲल्युमिनियमची पेटी होती, चिप्सवर आकडे नव्हते. 150 पांढऱ्या, 150 लाल, 100 हिरव्या, 50 निळ्या, 50 काळ्या. पेटीत पाच रंग दिसले की नवशिक्याला पाचही वापरल्याशिवाय चैन पडत नाही. याने पांढरी 25, निळी 50, लाल 100, हिरवी 500 आणि काळी 1000 अशी किंमत लावली. प्रत्येकाला 8 पांढऱ्या, 4 निळ्या, 6 लाल, 8 हिरव्या, 5 काळ्या. बेरीज बरोबर 10,000. आम्ही नऊ जण बसलो आणि पेटीत मोठ्या चिप्स उरल्या फक्त 5 काळ्या आणि 28 हिरव्या.

पहिला गडी वीस मिनिटांत उडाला. त्याच्या रीबायला 5 काळ्या आणि 10 हिरव्या गेल्या. दुसऱ्याला उरलेल्या 18 हिरव्या आणि 10 लाल. तिसऱ्याच्या वेळी पेटीत नुसती चिल्लर, आणि 86 लाल चिप्स मोजत कोण बसणार? मग यजमानाला मुलाचा कॅरम आठवला. एक सोंगटी 5000 ची, काळी असो की पांढरी.

त्या रात्री एकूण 11 रीबाय झाले. त्यातले पाच एकट्याचेच. फुकट नसलं तरी रीबाय कधीही मिळतो म्हटल्यावर तो दर हाताला ऑल-इन करत होता, म्हणजे पुढ्यातल्या सगळ्या चिप्स लावत होता. शेवटच्या नऊ रीबायना दोन-दोन सोंगट्या, म्हणजे 18. कॅरममध्ये काळ्या-पांढऱ्या मिळून तेवढ्याच असतात म्हणून वाचलो. नऊ जण आणि 11 रीबाय, म्हणजे वीस जणांच्या हिशेबाने टेबलावर 2,00,000 असायला हवे होते. शेवटी मोजले तर 2,05,000. बघतो तर ढिगात लाल राणी! ती कोणी घेतली आणि कव्हर कधी केली, आजवर कळलेलं नाही.

शिवाय यजमानाने छापून आणलेला ब्लाइंड्सचा कागद 2000/4000 ला संपत होता. नऊ जणांच्या 90,000 चिप्सना तो पुरला असता. इथे दोघं उरले तेव्हा त्यांच्यात मिळून 50 बिग ब्लाइंड होते, आणि ब्लाइंड्स तिथेच अडकलेले. एवढ्या चिप्स असताना कोण कशाला धोका पत्करेल? पावणेतीनला उठलो.

मी काय करतो ते सांगतो. 50 ची चिप ठेवतच नाही. ती ठेवून फक्त सुटे देण्याघेण्याची कटकट वाढते. निळी 5000 ची. सुरुवातीला 8 पांढऱ्या, 8 लाल, 8 हिरव्या, 5 काळ्या. बघा, 10,000 च होतात. रीबाय माणशी एकच. पत्ते पिसायच्या आधी 18 निळ्या मोजून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. रीबायवाल्याला त्यातल्या दोन, सुटे त्याने शेजाऱ्याकडून घ्यावेत. मग सगळे रीबाय झाले असं धरून एकूण चिप्सना 20 ने भागतो. 1,80,000 भागिले 20 म्हणजे 9,000. बिग ब्लाइंड साधारण तिथे पोचला की खेळ आटपतो. कागदावर त्याच्या पुढच्या दोन लेव्हल जास्तीच्या लिहून ठेवायच्या. हा हिशोब अंदाजाचा आहे, पण मला त्याने कधी फसवलेलं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. रीबाय कधी बंद होणार हे पहिल्या हाताआधी सांगा. आमच्याकडे चौथी लेव्हल संपली की बंद, मग कोणी कितीही गयावया करो. त्याच ब्रेकमध्ये 25 च्या चिप्स काढून घ्या, पुढे त्यांचं काही काम नसतं. मोड उरली तर सरळ वरच्या शंभरात धरा. रात्री साडेनऊला चिप रेस लावणाऱ्या, म्हणजे मोड कोणाला जाणार हे पत्ते वाटून ठरवणाऱ्या शास्त्रशुद्ध मंडळींना माझा लांबून नमस्कार. रीबायला सुरुवातीइतक्याच चिप्स द्या, "उशीर झालाय म्हणून दीडपट" वगैरे नको. ॲड-ऑन, म्हणजे रीबाय बंद होताना पैसे भरून घ्यायच्या जादा चिप्स, हा प्रकार घरच्या खेळात हवाच कशाला? बक्षिसाची रक्कम रीबाय बंद झाल्यावरच जाहीर करा, तोवर फक्त टक्के सांगा. पिझ्झाचे पैसे वेगळे गोळा करा. यजमानाने पॉटमधून वाटा काढला की अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तो घरगुती खेळ राहत नाही.

आणि पैसे हातात आल्याशिवाय चिप द्यायची नाही. "फोनवरून पाठवतो रे" चालणार नाही. पाच रीबाय करणारा आमचा गडी त्या रात्री तिसरा आला. त्यातल्या दोन रीबायचे 40 डॉलर यजमानाने बक्षिसात स्वतःच्या खिशातून घातले, आणि ते त्याला अजून मिळालेले नाहीत.