जुने इंग्रजी शब्द वाचताना आणि वापरताना

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेऊन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला शेक्सपिअरचा अनोळखी शब्द सहसा फसवत नाही, कारण तेथे तो अडतो आणि कोश उघडतो. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. म्हणून पेन्सिलीची पहिली खूण त्यांच्यावर करावी. वडिलांच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा ‘मला जो लेट करील त्याचे भूत करीन’ अशा अर्थाचे तो बोलतो. हा ‘लेट’ म्हणजे ‘होऊ देणे’ नव्हे, तर नेमके उलटे, ‘अडवणे’. त्या काळी ‘प्रेझेंटली’ म्हणजे बहुधा ‘ताबडतोब’ आणि ‘फाँड’ म्हणजे पुष्कळदा ‘खुळा’. वाक्य कळले, पण प्रसंगात बसले नाही, असे वाटताच थांबावे.

अशा वेळी खिशातला इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघाली, प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे देतो. आपल्या पुस्तकाचे साल पाहून त्याच्या जवळचे अवतरण शोधावे आणि ते ज्या अर्थाखाली असेल तो अर्थ घ्यावा. पहिलाच अर्थ उचलू नये, कारण तो बहुधा सर्वांत जुना असतो आणि आपल्या लेखकाच्या आधीच मागे पडलेला असू शकतो.

सर्वनामांना मात्र अधिक वेळ द्यावा. घरी तू-तुम्ही आणि बाजारात कन्नडचे नीनु-नीवु वापरणाऱ्या आपल्या भागातील वाचकाला ‘दाऊ’ (जुन्या इंग्रजीतला एकेरी ‘तू’) आणि ‘यू’ यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकात द्वंद्वाचे आव्हानपत्र लिहायला निघालेल्या सर अँड्र्यूला सर टोबी सल्ला देतो, की समोरच्याला तीनेक वेळा ‘दाऊ’ म्हण. म्हणजे सरळ अरे-तुरे कर. पण हाच ‘दाऊ’ इंग्रजी प्रार्थनेत देवालाही चालतो, जसे आपण विठोबाला ‘तू’च म्हणतो. तेव्हा पात्र ‘यू’ सोडून ‘दाऊ’वर आले, की तो राग आहे, सलगी आहे की आर्तता, हे प्रसंगावरून ठरवून समासात नोंदवावे. शेक्सपिअर हा भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळत नाही, त्यामुळे एकट्या सर्वनामावर परीक्षेतले संपूर्ण उत्तर उभे करणे मला धोक्याचे वाटते.

स्वतः लिहिताना असे शब्द ऐतिहासिक कथेतल्या पात्राच्या तोंडी, तेही मोजकेच, शोभतात. ‘हॅव’ या क्रियापदाची ‘दाऊ हॅस्ट’ आणि ‘ही हॅथ’ ही जुनी रूपे बरोबर आहेत; ‘ही हॅस्ट’ चूक आहे. दुकानाच्या पाटीवरचे ‘ये ओल्ड’ पाहून ‘ये’ हे वेगळे उपपद समजू नये. ते ‘द’च आहे, ‘थॉर्न’ नावाचे जुने अक्षर हस्तलिखितांत ‘वाय’सारखे दिसू लागले आणि छपाईत त्याच्या जागी ‘वाय’ बसला.