आजीची खोली रिकामी करताना

सदाशिव पेठेतली आजीची खोली महिनाअखेर मोकळी करून द्यायची होती. घाईत सगळं गोण्यांत कोंबलं, तिथंच चुकलं. औषधाची बाटली फुटून रद्दी चिकट झाली, रद्दीवाल्यानं हातही लावला नाही. कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. २००८ पासून पुण्यात काम करणारी ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था. त्या म्हणाल्या, "दादा, काच अशी मिसळू नका, हात आम्हाला घालावा लागतो." फार लाज वाटली.

गोण्या पुन्हा ओतल्या. पितळेचा बंब तांबट आळीत मोडीत दिला. बरे कपडे बोहारणीला. मऊ झालेली नऊवारी लुगडी आईनं गोधडीसाठी ठेवली; डांबरगोळ्यांचा वास अजून जात नाही.

खरी अडचण ट्यूबलाइटची. त्यात पारा असतो, म्हणून न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळून वर ठळक अक्षरांत 'काच, पारा' लिहिलं आणि रेडिओसोबत ई-कचऱ्यात दिली. इन्व्हर्टरची बॅटरी बॅटरीवाल्यानंच घेतली, त्यातलं शिसं पुन्हा वापरात येतं.

शेवटी कचऱ्यात टाकायला अर्धी गोणी उरली. फुटकी काच वेगळ्या खोक्यात, ताईंच्या हातात दिली.