ग्राइंडर पंपाचा अलार्म वाजला? मोटर काढण्याआधी या चुका टाळा

कमी दाबाच्या सांडपाणी लाइनला जोडलेल्या घरात ग्राइंडर पंपाची (टाकीत जमलेला मैला पात्यांनी बारीक करून लाइनमध्ये ढकलणाऱ्या पंपाची) आठवण अलार्मचा लाल दिवा लागला की मगच होते, आणि पहिला संशय मोटरवर जातो. दोष मात्र बऱ्याचदा फ्लोटमध्ये (टाकीतल्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचमध्ये), एनआरव्हीत (पाणी उलटे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये) किंवा घरातून खाली गेलेल्या वस्तूंत असतो.

काहीही फ्लश करणे

पाकिटावर काहीही छापलेले असो, वाइप्स कमोडमध्ये टाकू नका. टॉयलेट पेपर पाण्यात विरघळून सुटा होतो, वाइप्सचे धागे सुटत नाहीत. पात्यातून गेले तरी शाफ्टला पीळ घालून बसतात. डेंटल फ्लॉस आणि सॅनिटरी पॅडचेही तेच. मांजराची वाळू पात्यांची धार घालवते.

तेल-चरबी वेगळ्या मार्गाने त्रास देते. टाकीत ती थंड होऊन थिजते आणि फ्लोटवर थर चढतो. फ्लोट खाली अडकला तर पंप सुरूच होत नाही. वर अडकला तर थांबत नाही. स्क्रू प्रकारचा पंप असा कोरडा चालला तर त्याचा रबरी स्टेटर (स्क्रूभोवतीचा स्थिर भाग) लवकर जळतो.

पंप वारंवार चालू-बंद होतो म्हणून पंपच बदलणे

साधारणपणे पंप एका खेपेला एक-दोन मिनिटे चालतो. कोणी पाणी वापरत नसतानाही चालू लागला, तर आधी कमोडच्या फ्लश टाकीत रंगाचे थेंब टाकून गळती तपासा. गळती नसेल तर घरातले सगळे नळ बंद करा, पंपाचा ब्रेकर पाडा आणि पंपाच्या टाकीतली पातळी अर्धा तास पाहा. पातळी वाढत असेल तर लाइनवरचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहा. वाढ थांबली, म्हणजे एनआरव्ही धरत नाही आणि मेन लाइनचे पाणी परत येते आहे. तरीही वाढत राहिली, तर जमिनीतले पाणी शिरते आहे किंवा पावसाचा पाइप कोणीतरी इथे जोडला आहे (हा उद्योग सर्रास होतो). ब्रेकर चढवण्याआधी व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका.

झाकण उघडले तरी आत वाकू नका, उतरणे तर नाहीच. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला वास येणेच बंद होते.

ट्रिप झालेला ब्रेकर पुन्हा पुन्हा चढवणे

मोटर घुमते पण फिरत नाही, तेव्हा पाते जॅम असते किंवा मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर गेलेला असतो. प्रत्येक प्रयत्नात मोटरच्या तारांची गुंडाळी (वाइंडिंग) तापते. एकदा चढवून पाहा, पुन्हा ट्रिप झाला तर मेकॅनिक बोलवा.

पंप फिरतो पण पातळी उतरत नाही, तर आधी व्हॉल्व्ह बंद राहिला आहे का ते पाहा. सेंट्रिफ्युगल (फिरत्या पंख्याने पाणी फेकणाऱ्या) पंपात हवा अडकल्यानेही असे होते. अशा पंपांत ती निघावी म्हणून एनआरव्हीच्या अलीकडे पाइपाला बारीक छिद्र ठेवतात, ते बुजलेले असू शकते.

वीज गेल्यावर आणि गावाला जाताना

वीज नसताना नळ सोडू नका, टाकीतली जागा मोजकीच असते. वीज आल्यावर लाइनवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, दाब वाढतो आणि अलार्म काही वेळ राहू शकतो. बझर बंद करून थांबा. तासाभरानेही दिवा गेला नाही तर तक्रार करा. बाहेरगावी जाताना ब्रेकर पाडू नका. निघण्याआधी पंप एकदा चालून थांबेपर्यंत स्वच्छ पाणी सोडा, म्हणजे टाकीत मैला कुजत राहत नाही.