बायपोलरचा दीर्घकालीन मागोवा घेताना या चुका टाळा

बायपोलर हा मनःस्थितीचा आजार; त्यात नैराश्याचे आणि मॅनियाचे, म्हणजे टोकाच्या अतिउत्साहाचे, टप्पे (एपिसोड) येतात. ‘प्रत्येक एपिसोडनंतर पुढचा एपिसोड लवकर येतो’ हे वाक्य त्यावरच्या लेखनात सर्रास सापडतं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्या नोंदींतही दोन एपिसोडमधला काळ आखडत जाताना दिसतो. पण १९३८मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी क्रेपेलिन यांच्याच रुग्णांच्या नोंदी पुन्हा तपासून गोम दाखवली. समजा, एका रुग्णाला दोनच एपिसोड आले, मध्ये आठ वर्षं. दुसऱ्याला दर दोन वर्षांनी येत राहिले. दोघांच्या पहिल्या अंतराची सरासरी पाच वर्षं. दुसऱ्या अंतराला पहिला रुग्ण हिशेबातच नाही, म्हणून सरासरी थेट दोनवर. आजाराचा वेग कुणाचाच वाढलेला नाही! त्यामुळे ज्यांचे एकूण एपिसोड सारखे, त्यांचीच आपसांत तुलना करा. काहींत अंतर खरोखर घटत असेलही, पण ते अशा चाळणीनंतरच कळेल.

नुसते एपिसोड मोजणं ही दुसरी चूक. अमेरिकेत १९७८मध्ये सुरू झालेल्या ‘कोलॅबोरेटिव्ह डिप्रेशन स्टडी’त लक्षणांची नोंद आठवडावार झाली. त्यातल्या बायपोलर-१च्या (पूर्ण मॅनिया येणाऱ्या प्रकाराच्या) १४६ रुग्णांचा, सरासरी १२.८ वर्षांचा हिशेब २००२मध्ये आला: सुमारे ४७ टक्के आठवडे लक्षणांचे. त्यात नैराश्याचे जवळपास ३२ टक्के, मॅनिया आणि हायपोमॅनियाचे (म्हणजे सौम्य मॅनियाचे) जेमतेम ९. यातलं सौम्य, रेंगाळणारं नैराश्य एपिसोडच्या मोजणीत निसटतं.

मात्र हे आठवडे रोजच्या डायरीतून आलेले नाहीत. मुलाखती आधी सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा होत. म्हणून ‘मार्चमध्ये कसं वाटत होतं?’ असं मोघम विचारू नका. दिवाळी, घरातलं लग्न, नोकरी सुटली तो महिना अशा खुणा धरून विचारा, आणि केसपेपरशी ताडून पाहा. शिवाय हे रुग्ण मोठ्या वैद्यकीय केंद्रांत उपचाराला आलेले होते. ४७ टक्के हा आकडा सगळ्या बायपोलर रुग्णांना लावणं चूकच.

औषधांचा हिशेबही असाच फसवतो. ज्याचा आजार जास्त त्याला गोळ्या जास्त, मग तक्त्यात गोळ्यांनीच आजार वाढल्यासारखा दिसतो.

शेवटची चूक गळतीची. फॉलोअपला न आलेला रुग्ण ‘बरा झाला असेल’ म्हणून सोडू नका; तो मॅनियात असेल, नैराश्यात अंथरुणाला खिळला असेल किंवा हयातही नसेल. सुरुवातीलाच, त्याच्या संमतीने, घरच्या आणखी दोघांचे नंबर घेऊन ठेवा.